देणं, दशमांश आणि हिशेब: नव्या मंडळीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे छोटं चर्च, सहा वर्षांपूर्वी गोव्यातल्या डिचोलीत एका घराच्या पडवीत सुरू झाली. आता आम्ही भाड्याच्या हॉलमध्ये जमतो. साखळी, मये, वाळपईहून माणसं येतात. काहींची घरं हिंदू, काहींची कॅथलिक. काही कुटुंबं कोल्हापूर-बेळगावकडून कामासाठी आलेली, तर दोन-तीन नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांतली. प्रत्येकाची देण्याची सवय वेगळी, शंकाही वेगळ्या. चार वर्षं खजिनदार म्हणून काम करताना उपासनेनंतरच्या चहाच्या वेळी जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे लिहिले आहेत.

मी पहिल्यांदाच आलोय. दानाची थैली समोर आली की काय करायचं?

शेजारच्याकडे सरकवा. कोणी तुमच्याकडे बघणार नाही. पाहुण्यांनी काही द्यावं अशी आमची अपेक्षा नाही, आणि दिलं नाही म्हणून तुमचं स्वागत कमी होत नाही. आधी चार रविवार बसा, ऐका, माणसं ओळखीची होऊ द्या.

‘कारभारीपण’ हा शब्द सारखा ऐकू येतो. दानाचंच दुसरं नाव आहे का?

नाही. दान हा त्याचा एक छोटा भाग आहे.

माझे आजोबा एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, कुळागराची राखण करायचे. पोफळी, नारळ, त्यांवर चढवलेल्या मिरवेली, खाली केळी. भाटकार मुंबईला, वर्षातून दोनदा यायचा. आजोबांना एकेक माड ठाऊक होता. नारळ पाडणारा पाडेली आला की ते खाली उभे राहून नारळांचे ढीग मोजायचे आणि गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायचे. बाग त्यांची नव्हती, पण पाट तुंबला की मध्यरात्री फावडं घेऊन जाणारे तेच. त्या बागेतलंच खाऊन आमचं घर वाढलं आणि त्याला भाटकाराची कधी हरकत नव्हती. येशूचा प्रेषित पौल करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, लिहितो की कारभाऱ्याकडून अपेक्षा असते ती विश्वासू असण्याची. ते वाचताना मला नेहमी त्या भिंतीवरच्या रेघा आठवतात.

हातात आलेलं सगळंच देवाचं आहे, असं धरलं की प्रश्न शंभर रुपयांतल्या दहांपुरता राहत नाही. उरलेले नव्वद कुठे जातात, कामवालीला पगार वेळेवर मिळतो का, विहिरीचं पाणी कसं वापरतो, सुट्टीचा दिवस कोणासाठी घालवतो, हे सगळं कारभारात येतं. मंदिरासाठी लोकांनी भरभरून दिल्यावर दावीद राजा म्हणाला की सगळं तुझ्याकडूनच आलं, तुझ्याच हातचं आम्ही तुला दिलं (१ इतिहास २९). ते उद्गार राजाचे होते, आणि स्वतःच्या खजिन्यातून भरपूर दिल्यानंतरचे होते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

दशमांश सक्तीचा आहे का?

आमच्या मंडळीत नाही.

बायबलच्या जुन्या करारातला दशमांश हा एकच सरळसोट नियम नव्हता. मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला वतनात जमीन नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी एक दशमांश होता. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात तर दशमांश देवासमोर कुटुंबासह आनंदाने खाण्याची आज्ञा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातल्या लेव्यासाठी, उपऱ्यासाठी, अनाथासाठी, विधवेसाठी ठेवायचा आहे. मलाखी ३ मधलं ‘सगळा दशमांश भांडारात आणा’ हे वाक्य थैली फिरवताना फार वापरलं जातं. पण त्याच अध्यायात थोडं आधी, मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर आणि विधवा-अनाथांना छळणाऱ्यांवर देव साक्षीदार म्हणून उभा राहणार असं आहे. ते वाक्य थैलीच्या वेळी मी क्वचितच ऐकलंय.

येशू पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश देणाऱ्यांना म्हणाला की न्याय, दया आणि विश्वास या मोठ्या गोष्टी तुम्ही सोडल्या. त्या करायच्या होत्या आणि हेही सोडायचं नव्हतं. पौलाने मात्र मंडळ्यांना दानाबद्दल लिहिताना दहावा हिस्सा कुठेच सांगितला नाही. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून देऊ नये, असं त्याने लिहिलं, आणि पुढे: ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो.’

माझं स्वतःचं मत असं की दहावा हिस्सा ही सुरुवातीला धरायला चांगली खुंटी आहे. आमच्यातल्या काही घरांना ती आज फार उंच आहे, तिथे शंभरातले दोनही खरे. काही घरांना ती फार खाली आहे, आणि हे त्यांना एकांतात सांगायला मला संकोच वाटत नाही.

पगारावर मोजायचं की हातात येणाऱ्या रकमेवर?

तुम्ही ठरवा. एकदा ठरवलं की दर महिन्याला स्वतःशी वाद घालू नका.

माझं उत्पन्न ठरलेलं नाही. सीझनमध्ये पैसा येतो, पावसात काहीच नाही. मी काय करू?

गोव्यात हा प्रश्न निम्म्या मंडळीचा आहे. टॅक्सीवाले, शॅकवर काम करणारी मुलं, गेस्ट हाऊसची साफसफाई करणाऱ्या बायका यांची कमाई ऑक्टोबर ते मे. मासळी विकणाऱ्या आमच्या दोन बहिणींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सुक्या मासळीवर दिवस काढावे लागतात. अशांना दरमहा ठरावीक आकडा सांगणं म्हणजे पावसात त्यांना उपासनेपासून दूर ठेवणं. लाज वाटली की माणूस यायचा थांबतो.

पौलाने करिंथकरांना सांगितलं की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने जसं यश मिळालं असेल त्या मानाने काही काढून ठेवावं. ‘त्या मानाने’ हे शब्द रोजंदारीवाल्यासाठीच आहेत. म्हणून आकडा ठरवू नका, हिस्सा ठरवा. भाडं मिळालं त्या दिवशी त्यातला हिस्सा वेगळ्या डब्यात टाका. एका टॅक्सीवाल्या भावाने डॅशबोर्डमध्ये पाकीट ठेवलंय, त्यात तो दर फेरीमागे टाकतो. ज्या आठवड्यात काही मिळालं नाही त्या आठवड्यात तुम्ही काही द्यायचं राहून गेलेलं नसतं.

मंडळीनेही याच ऋतूने चालायला हवं. पहिल्या वर्षी आम्ही ते केलं नाही. डिसेंबरची थैली बघून खर्च ठरवला, आणि जुलैत हॉलचं भाडं देताना तोंडचं पाणी पळालं. आता मेअखेर पावसाळ्याच्या चार महिन्यांचं भाडं बाजूला ठेवल्याशिवाय नवीन काही विकत घेत नाही. कीबोर्ड त्यामुळे दोन वर्षं उशिरा आला.

‘द्या म्हणजे देव दसपट देईल’ हे खरं आहे का?

या आश्वासनावर आमच्या मंचावरून कोणी पैसे मागितले, तर मी उठून उभी राहीन. आमच्या पाळकांनाही, म्हणजे धर्मगुरूंनाही, हे माहीत आहे.

देणाऱ्याला देव विसरत नाही, हे शास्त्रात ठिकठिकाणी आहे आणि माझ्या आयुष्यातही मी ते पाहिलं आहे. पण पौल ज्या मासेदोनियाच्या मंडळ्यांचं कौतुक करतो त्या कमालीच्या गरिबीत होत्या, आणि देऊन श्रीमंत झाल्या असं तो कुठेही लिहीत नाही. त्यांनी आधी स्वतःला प्रभूला दिलं, मग पवित्र जनांच्या, म्हणजे यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांच्या, मदतीत आम्हालाही घ्या म्हणून आग्रह धरला, असं तो सांगतो. परताव्यासाठी ठेवलेल्या पैशाला आपण ठेव म्हणतो. तिच्यासाठी पतसंस्था आहे. मी तिथे वीस वर्षं काउंटरवर होते.

आजारी माणसाच्या घरी जाऊन ‘मोठं अर्पण करा, बरे व्हाल’ असं कोणी सांगितलं, तर कृपा करून मंडळीच्या वडिलांना, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना, लगेच कळवा. सांगणारा आमच्यातला असला तरी.

माझ्यावर कर्ज आहे. आधी कर्ज फेडू की दान देऊ?

हप्ता आधी.

डिचोलीत राहून याचं उत्तर पुस्तकातून शोधावं लागत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. पुढे सुरू झाल्या, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबलं. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात गंजले. ज्यांच्या घरात बँकेच्या नोटिसा येत होत्या त्यांना थैलीपुढे अपराधी वाटायला लावणं मला पाप वाटतं. घेतलेलं परत करणं हासुद्धा कारभारीपणाचाच भाग आहे, कारण ते पैसे दुसऱ्या कोणाचे आहेत.

दान देण्यासाठी कर्ज काढू नका, दागिना गहाण ठेवू नका, मुलांची फी थांबवू नका. आईवडिलांच्या औषधाचे पैसे तर मुळीच आणू नका. मार्क ७ मध्ये येशूने ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेलं असं म्हणून आईबापांना हात आखडणाऱ्यांना किती कडक शब्दांत सुनावलं ते वाचा. मात्र मनाची सवय मोडू नये म्हणून दर रविवारी एक नाणं टाकावंसं वाटलं तर जरूर टाका. कर्ज फार झालं असेल तर मला भेटा. हप्त्यांचा कागद घेऊन बसू. बँकेशी बोलायला सोबत यायलाही आमच्यातले दोघं तयार असतात.

माझे पती विश्वासात नाहीत. घरखर्चातले पैसे वाचवून गुपचूप देते. चालेल का?

ताई, देऊ नका. मला माहीत आहे हे ऐकायला कठीण जाईल.

ते पैसे दोघांच्या घराचे आहेत. गोव्यात लग्नानंतर पतिपत्नीची मिळकत साधारणपणे दोघांची सामाईक धरली जाते, तेव्हा कायद्याने तुमचाही वाटा आहे हे खरं. पण प्रश्न कायद्याचा नाही. एक दिवस त्यांना कळेल, आणि मंडळी आपल्या घरातून पैसे काढते असा त्यांचा समज होईल. तो समज पुसायला वर्षं जातात. उघडपणे विचारा. ते नाही म्हणाले तर तुमच्या स्वतःच्या शिवणाच्या, शिकवणीच्या कमाईतलं, त्यांना सांगून द्या. तीही नसेल तर तुमचा वेळ द्या. आमच्या एका बहिणीने असं विचारलं तेव्हा नवरा नाही म्हणाला होता. तीन वर्षांनी तोच कधीतरी तिला हॉलच्या दारापर्यंत सोडायला येऊ लागला. आत अजून येत नाही.

पाळकांना पगार का द्यायचा? ते सेवा करतात ना?

मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं घालू नये, हे मोशेच्या नियमशास्त्रातलं वचन पौलाने तीमथ्याला लिहिताना याच संदर्भात वापरलं आहे, आणि कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे असंही लगेच जोडलं आहे. खुद्द येशूच्या प्रवासाचा खर्च मग्दालीया मरीया, योहान्ना, सूसान्ना आणि दुसऱ्या बऱ्याच स्त्रिया आपल्या पैशातून भागवत असत (लूक ८). दुसरीकडे, करिंथला पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता. दोन्ही वाटा मान्य आहेत.

आमचे पाळकसाहेब पहिली दोन वर्षं सकाळी एका दुकानात हिशेब लिहायचे. आता मंडळी त्यांना मानधन देते. रक्कम वडील मंडळ ठरवतं आणि त्या बैठकीत पाळक बसत नाहीत. ती रक्कम वार्षिक हिशेबात छापलेली असते. याखेरीज कोणी त्यांच्या हातात वेगळं पाकीट दिलं तर ते मंडळीच्या खात्यात जमा करतात, हा त्यांनीच घालून घेतलेला नियम आहे. त्यांच्या बाळाच्या बारशाला दिलेलं अंगडं-टोपडं त्यात धरू नये.

थैलीतले पैसे मोजतं कोण?

दोन माणसं, एकमेकांची नातेवाईक नसलेली, उपासना संपल्यावर लगेच, त्याच हॉलमध्ये टेबलावर. पाळक मोजत नाहीत, मीही एकटी मोजत नाही. रकमेची चिठ्ठी दोघांच्या सहीने तयार होते, सोमवारी पैसे बँकेत जातात आणि भरणापावती त्या चिठ्ठीला टाचली जाते. बँक खातं संस्थेच्या नावाने आहे. आम्ही १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेले आहोत, पॅनकार्डही संस्थेचं आहे. पैसे काढायला दोन सह्या लागतात. दाराजवळचा यूपीआयचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव दिसलं पाहिजे. कोणा माणसाचं नाव दिसलं तर पैसे पाठवू नका आणि मला हाक मारा.

काहींना ही सगळी अविश्वासाची लक्षणं वाटतात. ‘आपल्यातच असं कशाला, बाई?’ असं मला एका वडीलधाऱ्या काकांनी विचारलं होतं. मी त्यांना २ करिंथ ८ वाचून दाखवलं. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमलेली रक्कम नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कोणी दोष लावू नये म्हणून, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं ते करायचं म्हणून. पौलाला सोबती लागला, तर मला लागतोच.

कोण किती देतं हे पाळकांना कळतं का? नावं वाचली जातात का?

नाही आणि कधीच नाही.

इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. आपल्याकडे देण्याला नाव जोडायची जुनी रीत आहे. देवळात पावणी, म्हणजे लिलाव, होते, बोली मोठ्याने पुकारतात. चर्चच्या फेस्ताचा खर्च त्या वर्षीचा फेस्ताकार उचलतो आणि सगळ्या गावाला ते माहीत असतं. त्या रीतींना मी नावं ठेवत नाही. त्यांतून गावाची मोठमोठी कामं उभी राहिली आहेत. पण त्यातून दोन सवयी लागतात. एक म्हणजे आकडा ऐकू गेला पाहिजे. दुसरी म्हणजे, कोणीतरी फेस्ताकार आहे ना, मग आपलं काय अडलं.

मी लहान असताना आम्ही दुसऱ्या एका मंडळीत जात होतो. तिथे वर्षाअखेरीस प्रत्येक घराचं दान आकड्यासकट वाचून दाखवायचे, मोठ्यापासून लहानापर्यंत. माझी आई भाजी विकायची. तिचं नाव शेवटून दुसरं यायचं. यादी सुरू झाली की ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघायची, हे मी दरवर्षी बघितलं. एके वर्षी ती त्या रविवारी गेलीच नाही, आणि नंतर बरेच महिने गेली नाही. तिने दिलं ते तिच्या एका दिवसाच्या विक्रीपेक्षा जास्त होतं. यादीत ते कळायची सोय नव्हती.

गरीब विधवेने दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे होती ती दोन नाणी, टाकल्याची गोष्ट आपण सगळे सांगतो. पण मार्क १२ मध्ये तिच्या अगदी आधीच्या ओळींत येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलतो आहे. ते दोन्ही उतारे एकत्र वाचले की मला ती नुसती उदारतेची गोष्ट राहत नाही. थैली सांभाळणाऱ्यांसाठी ती ताकीद आहे.

पावतीसाठी ज्यांचं नाव नोंदवावं लागतं ती वही माझ्याकडे आणि हिशेब तपासणाऱ्याकडे असते. पाळकसाहेबांनी ती कधी मागितली नाही. त्यांचं म्हणणं, ‘माहीत नसलं की मी सगळ्यांच्या घरी सारखाच चहा पितो.’

आमचीही नवी मंडळी आहे. लोक देत नाहीत. उदारता वाढवायची कशी?

फोंडा, पेडणे, अगदी सावंतवाडीहूनही हा प्रश्न येतो. आमच्याकडे काय झालं तेवढं सांगते.

पहिल्या वर्षी दानावर तीन उपदेश झाले, थैलीत फरक पडला नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही दाराजवळच्या फळ्यावर दर महिन्याचा जमाखर्च लावायला सुरुवात केली. भाडं, वीज, मानधन, चहासाखर, औषधाची मदत, शिल्लक. एका पानावर, हाताने लिहिलेला, मोठ्या अक्षरात. तीन-चार महिन्यांनी लोक त्यापुढे थांबायला लागले. एका मावशींनी विचारलं, विजेचं बिल एवढं कसं? त्यांच्या मुलाने येऊन वायरिंग तपासलं आणि पैसे घेतले नाहीत. नंतर त्यांचं पाकीटही येऊ लागलं. आधी त्यांना ही मंडळी दुसऱ्या कोणाची वाटत होती.

दुसरं, वडील मंडळातल्या प्रत्येकाने स्वतः नियमित द्यायचं ठरवलं. आकडे एकमेकांना सांगितले नाहीत. तिसरं, मंडळीच्या जमेतला एक हिस्सा मंडळीबाहेर जायला लागला. आमच्याच भाड्याची ओढाताण होती तेव्हा हे काहींना वेडेपणाचं वाटलं. पण जी मंडळी स्वतः कोणाला काही देत नाही, तिने लोकांना देण्याबद्दल शिकवावं कसं?

आणि मागायचं झालं तर काम नेमकं सांगा. ‘देवाच्या कार्यासाठी’ म्हणू नका. ‘पावसात मागच्या बाजूने गळतं, पत्र्याला इतके लागतील’ असं सांगा. पत्रा बसला की मागणं थांबवा. निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, कामाला लोकांनी इतकं आणलं की मोशेला छावणीत दवंडी पिटवून आता आणू नका म्हणावं लागलं (निर्गम ३६). पत्र्याच्या वेळी आम्हीही ‘पुरे झालं’ असं जाहीर केलं. त्यानंतर आमच्यावरचा विश्वास वाढल्याचं मला स्पष्ट जाणवलं.

पैसे नाहीत. दुसरं काही देता येईल का?

आमच्याकडे येणाऱ्यातलं बरंच काही थैलीत मावत नाही. पेटी वाजवणारा भाऊ वाळपईहून पावसात स्कूटर हाकत येतो. एक आजी दर शनिवारी हॉल झाडते आणि फुलं आणते. मे महिन्यात फणस, आंबे, काजूगर, भिरंडांची सोलं येतात, नवान्नाच्या सुमारास तांदूळ आणि नारळ. सुरुवातीला आम्ही या वस्तूंची उपासनेनंतर पावणी करायचो. चढाओढ लागायची, हसू यायचं, पैसेही बरे जमायचे. पण ज्यांच्याकडे बोलायला पैसे नव्हते ते तेवढ्यात चपला घालून निघायचे. आता वस्तू पाच-सहा घरांत वाटतो, आजारी आणि एकट्या माणसांच्या.

मिझोरममधल्या मंडळ्यांत बायका प्रत्येक वेळी भात शिजवायच्या आधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. ही रीत १९१० पासून चालू आहे आणि त्या मुठींवर तिथे मोठमोठी कामं चालतात. आमच्या सहा घरांनी यंदा ते सुरू केलं आहे.

कसिनोत काम करणाऱ्याचं दान घेता का?

घेतो. मांडवीतल्या त्या बोटींवर भांडी घासणारी, खोल्या झाडणारी, पत्ते वाटणारी मुलं आपल्याच वाड्यांतली आहेत आणि रात्रपाळी करून घरं चालवतात. त्यांच्या पगारात त्यांचा घाम आहे. ते काम सोडावं का, हे त्यांच्याशी पाळक एकांतात, प्रेमाने बोलतील. थैलीच्या वेळी नाही. जुगारात जिंकलेले पैसे मात्र आम्ही घेत नाही, आणि कोणाचे बुडवलेले पैसे असतील तर आधी ज्याचे त्याला परत करा. बायबलमधल्या जकातदार जक्कयाने तसंच केलं होतं, चौपट.

माझा भाऊ परदेशात आहे. त्याला मंडळीसाठी दान पाठवायचं आहे. चालेल?

आधी पासपोर्ट विचारा. गोव्यात हा प्रश्न फार नाजूक आहे.

तो भारतीय नागरिक असेल, म्हणजे बोटीवर असो, दुबईत असो, कुवेतला असो, आणि आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवत असेल, तर ते परदेशी योगदान धरलं जात नाही. पण पोर्तुगीज राजवट संपण्याआधी, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ आधी, इथे जन्मलेल्या आजोबांच्या आधाराने त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं असेल, तर तो आता परदेशी नागरिक आहे. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. त्याचे पैसे २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली परदेशी योगदान ठरतात आणि त्यासाठी केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणी मागायला साधारणपणे संस्थेला तीन वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात, त्या काळात मूळ कामावर पंधरा लाख खर्च झालेला असावा लागतो, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात. आम्ही नोंदणी केलेली नाही. म्हणून असे पैसे घेत नाही, तुमच्या खात्यातून फिरवून दिलेलेही नाही. नियमाला बगल देऊन केलेलं दान आम्हाला नको.

शिवाय, अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं तेव्हापासून मराठी ख्रिस्ती लोकांचं पुष्कळ भलं बाहेरच्या पैशाने झालं, शाळा आणि दवाखाने त्यातूनच आले. पण कित्येक मंडळ्यांना स्वतःच्या पायावर उभं राहायला फार उशीर लागला. आमचं भाडं आमच्याच माणसांनी भरलेलं मला बरं वाटतं.

मला जमिनीचा तुकडा मंडळीला द्यायचा आहे.

घाई करू नका. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलाबाळांचा हक्काचा अर्धा वाटा राखलेला असतो, तो मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने डावलता येत नाही. सामाईक मिळकतीला पतीची किंवा पत्नीची संमती लागते. आधी मुलांना घेऊन बसा, मग वकिलाकडे जा. घरातला एकजण जरी मनापासून नको म्हणत असेल तर मंडळी ती जमीन स्वीकारणार नाही. हा ठराव आमच्या वहीत आहे.

पावती आणि करसवलत मिळते का?

पावती मिळते. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत मिळत नाही, कारण आमची संस्था धार्मिक कामासाठी आहे. एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे. आजवर तशी वेळ आलेली नाही.

मदत फक्त मंडळीतल्या माणसांनाच मिळते का?

नाही. गरज आहे का, एवढंच पाहतो. मदतीच्या बदल्यात उपासनेला या, प्रार्थना करून घ्या, असं काही सांगायचं नाही, सुचवायचंही नाही. शेजारच्या वाड्यातल्या एका मुलाच्या ऑपरेशनला आम्ही हातभार लावला. त्याचं घर आजही दर चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधतं आणि आम्हाला नेवऱ्या पाठवतं. विकत घेतलेला विश्वास कोणाच्याच कामाचा नसतो, आणि त्याचा संशय जरी आला तरी वाड्यावरची सगळी माया आटते.

गावाच्या वर्गणीचं काय?

रस्ता, शाळा, स्मशानशेड, कोणाचं आजारपण, यांना मोकळ्या हाताने द्या. धार्मिक उत्सवाच्या वर्गणीबद्दल ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावं. आमच्यात दोन्ही मतं आहेत. नाही म्हणायचं असेल तर दार न उघडता बसू नका. बाहेर या, शांतपणे सांगा, पाणी विचारा.

मुलांना किती द्यायला सांगावं?

थैली येताना त्यांच्या मुठीत नाणं कोंबू नका. त्यांच्या खाऊच्या पैशातलं त्यांनाच ठरवू द्या.

हिशेब कुठे बघायला मिळेल?

महिन्याचा, दाराजवळच्या फळ्यावर, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी. वर्षाचा, तपासलेला, एप्रिलमधल्या वार्षिक सभेत, सगळ्यांना छापील प्रत. वह्या आणि पावत्या बघायच्या असतील तर उपासनेनंतर मी पेटीच्या शेजारच्या टेबलाशी असते. चष्मा घेऊन या, अक्षर बारीक आहे.